व्हिसलर कसे वाढले? कॅनडातील एका स्की-रिसॉर्टच्या सहा दशकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हिसलर हे उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठ्या स्की-रिसॉर्टांपैकी एक आहे. त्याविषयी लिहिताना बहुतेक लेखक लिफ्ट (म्हणजे स्कीपटूंना दोराच्या आधारे डोंगरावर नेणारी यंत्रणा), हिमवृष्टी आणि ऑलिंपिक यांवरच भर देतात. या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच; परंतु व्हिसलर आज जसे आहे तसे घडण्यामागे जमिनीविषयी वेळेवर घेतलेले काही निर्णय आहेत, असे आमचे ठाम मत आहे. गाव कुठे वसवायचे, किती वाढू द्यायचे आणि त्यात कोणाला राहता यावे, हे प्रश्न तिथे फार लवकर विचारले गेले. पुढील उत्तरांत त्यांना अधिक जागा दिली आहे.

व्हिसलर नेमके कुठे आहे?

व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरवर, कोस्ट पर्वतरांगेत. फिट्झसिमन्स ओढ्याच्या एका बाजूला व्हिसलर आणि दुसऱ्या बाजूला ब्लॅककॉम्ब असे दोन पर्वत आहेत, आणि दोघांच्या पायथ्याशी मुख्य गाव आहे. गावाची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ६७५ मीटर आहे, तर व्हिसलरचे शिखर २,१८२ मीटरवर आहे. प्रशांत महासागर जवळ असल्याने वर विपुल बर्फ पडते; मात्र गाव इतके खाली आहे की शिखरावर हिमवर्षाव होत असताना खाली पाऊस पडत असणे ही तिथे नित्याची बाब आहे.

स्कीइंग सुरू होण्यापूर्वी तिथे काय होते?

हा प्रदेश स्क्वामिश आणि लिलवट या मूळनिवासी राष्ट्रांचा आहे आणि दोघांच्या पारंपरिक भूमी इथे एकमेकींना भिडतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या खोऱ्याला तिथल्या तळ्यावरून आल्टा लेक म्हणत. १९१४ मध्ये ॲलेक्स आणि मर्टल फिलिप या दांपत्याने तळ्याकाठी ‘रेनबो लॉज’ सुरू केले, आणि त्याच वर्षी पॅसिफिक ग्रेट ईस्टर्न रेल्वे तिथवर पोहोचली. लोक उन्हाळ्यात मासेमारीसाठी आणि विश्रांतीसाठी येत. म्हणजे पर्यटनाशी या खोऱ्याचा परिचय स्कीइंगहून अर्धशतकाने जुना आहे. हिवाळ्यात मात्र तिथे मोजकीच माणसे राहत असत.

ऑलिंपिकसाठी व्हिसलरचा जन्म झाला, असे म्हणतात. ते खरे आहे का?

बव्हंशी खरे आहे. १९६० मध्ये व्हँकुव्हरमधील काही उद्योजक आणि क्रीडाप्रेमी १९६८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी योग्य पर्वत शोधत होते. तेव्हा लंडन माउंटन या नावाने ओळखला जाणारा पर्वत त्यांनी निवडला. पुढे तिथल्या मार्मॉट या खारीच्या कुळातील प्राण्यांच्या शिळेवरून त्याला व्हिसलर हे नाव मिळाले. नॉर्वेत जन्मलेले फ्रान्झ विल्हेमसन हे या गटाचे नेते होते. १९६८ साठी कॅनडाने बॅन्फची बाजू मांडली आणि स्पर्धा शेवटी फ्रान्समधील ग्रनोबलला गेली. १९७६ साठी व्हँकुव्हर आणि गॅरिबाल्डी (व्हिसलरचा परिसर) यांच्या नावाने दावा केला गेला, तेव्हा डेन्व्हरची निवड झाली.

विल्हेमसन आणि त्यांचे सहकारी ऑलिंपिकची वाट पाहत थांबले नाहीत, हे त्यांचे खरे कर्तृत्व. त्यांनी ‘गॅरिबाल्डी लिफ्ट्स’ ही कंपनी काढली, भांडवल उभे केले आणि यजमानपद मिळो वा न मिळो, पर्वत स्कीइंगसाठी खुला करण्याचे ठरवले. ऑलिंपिक तिथे आले ते २०१० मध्ये, म्हणजे पहिल्या कल्पनेनंतर तब्बल ५० वर्षांनी.

१९६६ च्या पहिल्या हंगामात काय काय होते?

चार माणसे बसतील अशा डब्यांचा एक गोंडोला, दोघांच्या बैठकीची एक चेअरलिफ्ट आणि दोन टी-बार (उभ्या स्कीपटूंना बर्फावरून ओढत वर नेणाऱ्या लिफ्ट). एवढ्यावर व्हिसलर सुरू झाले. हा सारा पसारा पर्वताच्या नैर्ऋत्य पायथ्याशी होता, ज्याला आज क्रीकसाइड म्हणतात. आजचे मुख्य गाव तिथून काही किलोमीटर उत्तरेस आहे आणि त्या वेळी ते अस्तित्वातच नव्हते. व्हँकुव्हरहून येणारा रस्ता शेवटच्या टप्प्यात खडतर होता, त्यामुळे सुरुवातीचे बहुतेक स्कीपटू शनिवार-रविवारी येणारे व्हँकुव्हरकरच असत.

१९७५ चा कायदा इतका महत्त्वाचा का मानला जातो?

लिफ्ट सुरू होताच रस्त्याच्या कडेने केबिन, छोटी हॉटेले आणि घरे उभी राहू लागली. सांडपाण्याची व्यवस्था नव्हती, आराखडा नव्हता आणि निर्णय घेणारी स्थानिक संस्थाही नव्हती. डोंगराळ पर्यटनस्थळांचा घात बहुधा याच टप्प्यावर होतो, कारण रस्त्यालगतची पट्टी एकदा बांधकामांनी भरली की पुढे कोणताही नियोजनकार तिला गावाचे रूप देऊ शकत नाही. प्रांतिक सरकारने १९७४ मध्ये नव्या बांधकामांना स्थगिती दिली. पुढच्या वर्षी विशेष कायदा करून ‘रिसॉर्ट म्युनिसिपालिटी ऑफ व्हिसलर’ स्थापन करण्यात आली. अशा प्रकारची ही कॅनडातील पहिलीच नगरपालिका होती आणि पॅट कार्लटन तिचे पहिले महापौर झाले.

सामान्य नगरपालिका रहिवाशांच्या संख्येनुसार आपल्या सेवांचा विचार करते. इथे रहिवासी काही शेकडा आणि हंगामातील पाहुणे हजारोंनी, अशी स्थिती होती. पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते पाहुण्यांच्या हिशेबाने उभारावे लागणार होते, आणि त्यासाठी लागणारे वेगळे अधिकार या कायद्याने दिले. पुढे १९७९ मध्ये आणखी एक पाऊल उचलले गेले. पर्यटनासाठी राखलेल्या भागातील मालमत्ताधारकांची एक संघटना स्थापन झाली आणि तिचे सदस्यत्व व वर्गणी त्यांना बंधनकारक करण्यात आली. गावाच्या प्रसिद्धीचा लाभ सर्वांना मिळतो, तेव्हा खर्चही सर्वांनी उचलावा, हा त्यामागचा विचार होता. हीच संघटना आज ‘टुरिझम व्हिसलर’ या नावाने काम करते.

मुख्य गाव कचरा टाकण्याच्या जागेवर बांधले आहे, ही गोष्ट खरी आहे का?

होय. आज जिथे चौक, दुकाने आणि हॉटेले आहेत, तिथे पूर्वी खोऱ्याचा कचरा टाकला जाई आणि त्यावर अस्वले येत. जागा सरकारी होती, दोन्ही पर्वतांच्या पायथ्याशी होती आणि क्रीकसाइडप्रमाणे ती आधीच तुकड्यातुकड्यांनी विकली गेलेली नव्हती. नव्या नगरपालिकेने ही जमीन मिळवली आणि विकासाची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवली.

आराखड्याचे काम एल्डन बेक या भूदृश्य वास्तुविशारदाकडे आले. त्यांनी त्यापूर्वी अमेरिकेतील व्हेल या स्की-गावात काम केले होते. बेक यांनी मोटारी गावाच्या कडेला आणि जमिनीखाली ठेवल्या आणि मधून केवळ पायी चालण्याचा, वळणे घेत जाणारा रस्ता आखला. इमारतींची उंची आणि दिशा ठरवताना चौकात हिवाळ्यातले तिरपे ऊन पोहोचेल आणि चालणाऱ्याला इमारतींच्या फटींतून शिखरे दिसत राहतील, याची काळजी घेतली. भूखंड विकासकांना विकताना तळमजल्यावर काय असावे, छत कसे असावे, पदपथ कसा झाकलेला असावा, अशा अटी विक्रीशी जोडल्या गेल्या. आराखडा उत्तम असतो आणि अंमलबजावणीत तो विरून जातो, हे आपण अनेक ठिकाणी पाहतो. इथे अटी खरेदीच्या करारातच असल्याने त्या टाळणे कठीण होते.

आणखी एक तरतूद फारशी चर्चिली जात नाही, पण आमच्या मते ती तितकीच मोलाची आहे. गावातील बऱ्याच सदनिकांच्या मालकांवर असे बंधन आहे की स्वतः राहत नसतील तेव्हा ती जागा पर्यटकांना भाड्याने उपलब्ध ठेवावी. काही इमारतींत तर मालकाला हिवाळ्यात २८ आणि उन्हाळ्यात २८ एवढेच दिवस स्वतः राहता येते. वर्षभर बंद राहणाऱ्या श्रीमंतांच्या दुसऱ्या घरांनी कित्येक पर्वतीय गावांचे मध्यभाग निर्जीव केले आहेत. व्हिसलरने ते संकट निदान गावाच्या गाभ्यापासून दूर ठेवले.

ब्लॅककॉम्ब कधी सुरू झाले आणि दोन पर्वत एकत्र कसे आले?

ब्लॅककॉम्ब डिसेंबर १९८० मध्ये, नव्या गावाबरोबरच सुरू झाले. त्यामागे अमेरिकेतील ॲस्पेनची स्की कंपनी आणि कॅनडाची एक सरकारी विकास बँक होती, तर ह्यू स्माइथ व्यवस्थापन पाहत होते. व्हिसलरचे चालक वेगळे असल्याने एकाच गावात समोरासमोर दोन प्रतिस्पर्धी उभे राहिले आणि पुढची १६-१७ वर्षे त्यांची चुरस चालली. १९८५ मध्ये ‘सेव्हन्थ हेवन’ हा वरचा भाग उघडून ब्लॅककॉम्बने आपला उभा उतार (वरच्या टोकापासून पायथ्यापर्यंतचा उंचीतला फरक) १,६०९ मीटर, म्हणजे बरोबर एक मैल केला. १९८७ मध्ये त्यांनी वेगवान चौघांच्या चेअरलिफ्ट आणल्या. लगेच १९८८ मध्ये व्हिसलरने गावातून थेट वर जाणारा १० आसनी गोंडोला सुरू केला. ग्राहकाचे भले या चुरशीतच झाले.

१९८६ मध्ये इंट्रावेस्ट या बांधकाम व्यवसायातील कंपनीने ब्लॅककॉम्बमध्ये प्रवेश केला आणि १९९७ मध्ये दोन्ही पर्वत तिच्या छत्राखाली एकत्र आले.

बांधकाम कंपनीला स्कीइंगमध्ये एवढा रस का वाटावा?

कारण नफा बर्फाइतकाच पायथ्याच्या जमिनीत होता. पर्वताची जमीन प्रांताच्या मालकीची असते आणि कंपनीला ती वापरण्याचा हक्क मिळतो. १९८० च्या दशकातील प्रांतिक धोरणानुसार, कंपनी जितक्या क्षमतेच्या लिफ्ट उभारील त्या प्रमाणात तिला पायथ्याची सरकारी जमीन विकत घेऊन विकसित करण्याचा हक्क मिळे. त्यामुळे आधी घरे विकून मोकळे व्हायचे आणि लिफ्टचे नंतर पाहू म्हणायचे, हा मार्ग बंद झाला. धोरणाने व्यापाऱ्याच्या लाभाची इच्छा योग्य दिशेला वळवली, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ही वाढ कधी थांबली होती का?

थांबली होती, आणि अगदी सुरुवातीलाच. १९८१ मध्ये कॅनडातील व्याजदर २० टक्क्यांवर गेले, मंदी आली आणि नव्या गावातील बांधकामे अर्धवट राहिली. नगरपालिकेची जमीन-कंपनी कर्जात बुडाली. १९८३ मध्ये प्रांतिक सरकारने तिची मालमत्ता आणि देणी स्वतःकडे घेतली. बर्फावरील खेळांसाठी योजलेल्या मध्यवर्ती इमारतीचे पुढे परिषद-केंद्र करण्यात आले, आणि स्कीइंग नसलेल्या महिन्यांतही हॉटेले भरण्यास त्याची मदत झाली. अर्थव्यवस्था सावरल्यावर सरकारने उरलेली जमीन विकून गुंतवणूक वसूल केली, आणि १९९० च्या दशकात गावाचा उत्तरेकडचा भाग बांधला गेला. त्या दोन-तीन वर्षांत सरकारने हात काढून घेतला असता, तर अर्धवट सांगाडे कोणत्याही भावाने विकले गेले असते आणि बेक यांचा आराखडा कागदावरच राहिला असता.

‘पीक टू पीक’ गोंडोला एवढा प्रसिद्ध का आहे?

१२ डिसेंबर २००८ रोजी सुरू झालेला हा गोंडोला दोन्ही पर्वतांच्या वरच्या भागांना थेट जोडतो. त्याची लांबी ४.४ किलोमीटर आहे आणि त्यातील ३ किलोमीटरहून अधिक अंतरात दोरांना एकही खांब नाही. सर्वांत खोल जागी डबा खालच्या दरीपासून ४३६ मीटर उंचीवर असतो. प्रवासाला ११ मिनिटे लागतात. उभारणीचा खर्च सुमारे ५.१ कोटी कॅनेडियन डॉलर होता. विनाखांब अंतराचा त्याचा जागतिक विक्रम २०१७ मध्ये जर्मनीतील त्सुगस्पिट्झच्या रज्जुमार्गाने मोडला.

लिफ्टचे गंभीर अपघात झाले आहेत का?

होय. डिसेंबर १९९५ मध्ये क्रीकसाइडच्या क्विकसिल्व्हर चेअरलिफ्टवरील खुर्च्या दोरावरून घसरून एकमेकींवर आदळल्या आणि दोघांचा मृत्यू झाला. ती लिफ्ट काढून तिथे गोंडोला बसवण्यात आला. डिसेंबर २००८ मध्ये एक्सकॅलिबर गोंडोलाच्या एका खांबात साचलेले पाणी गोठून जोड उखडला आणि खांब मोडला. सुदैवाने त्यात जीवितहानी झाली नाही.

२०१० च्या ऑलिंपिकने काय बदलले?

व्हँकुव्हरच्या नावाने झालेल्या या स्पर्धांत अल्पाइन स्कीइंग, नॉर्डिक प्रकार (लांब पल्ल्याचे स्कीइंग आणि स्की-उड्या) आणि बॉबस्ले-ल्यूजसारखे घसरगाडीचे प्रकार व्हिसलर परिसरात झाले. अल्पाइन शर्यतींची अंतिम रेषा क्रीकसाइडला होती, म्हणजे १९६६ चा पहिला गोंडोला जिथून निघे त्याच पायथ्याशी. उद्घाटनाच्या दिवशीच, १२ फेब्रुवारी रोजी, जॉर्जियाचा तरुण ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली सरावादरम्यान मृत्युमुखी पडला. या स्पर्धांचा इतिहास सांगताना त्याचे स्मरण वगळता येत नाही.

स्थायी बदलांपैकी सर्वांत मोठा रस्त्याचा. व्हँकुव्हरहून येणाऱ्या ‘सी टू स्काय’ महामार्गाच्या सुधारणेवर सुमारे ६० कोटी कॅनेडियन डॉलर खर्च झाले. प्रवास सुरक्षित झाला आणि त्याबरोबर एका दिवसात येऊन परतणाऱ्यांची गर्दीही वाढली. खेळाडूंसाठी बांधलेली वसाहत ‘चीकामस क्रॉसिंग’ या नावाने स्थानिक कामगार-रहिवाशांना देण्यात आली, आणि आमच्या दृष्टीने स्पर्धांचा हाच सर्वांत टिकाऊ लाभ आहे.

गावाच्या वाढीला मर्यादा आहे का?

आहे, आणि ती ‘बेड युनिट’ या मापाने मोजली जाते. एका माणसाच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय म्हणजे एक युनिट; स्वतंत्र घर सहा युनिटांचे धरले जाते. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते आणि पर्वताची क्षमता पाहून नगरपालिकेने एकूण युनिटांवर कमाल मर्यादा ठरवली. ही मर्यादा काळानुसार वाढवली गेली आहे, म्हणून ती फोल आहे असे काही टीकाकार म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. दर वेळी वाढीची मागणी करणाऱ्याला बदल्यात घरे, उद्याने किंवा संरक्षित वनजमीन असे काहीतरी सार्वजनिक हिताचे द्यावे लागले, आणि मर्यादाच नसती तर ही देवाणघेवाण झालीच नसती.

लिफ्ट चालवणारे, खोल्या आवरणारे, स्वयंपाक करणारे लोक राहतात कुठे?

व्हिसलरविषयी विचारला जावा असा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार इथे १३,९८२ कायम रहिवासी आहेत, आणि हंगामात त्यात ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व इतर देशांतून आलेल्या तरुण कामगारांची भर पडते. खुल्या बाजारातील घरांच्या किमती जगभरातील धनिक ठरवत असल्याने शिक्षक, परिचारिका किंवा लिफ्ट दुरुस्त करणारा तंत्रज्ञ त्या बाजारात टिकू शकत नाही.

१९९० च्या सुमारास नगरपालिकेने असा नियम केला की नवा व्यवसाय उभारून कामगारांची गरज निर्माण करणाऱ्याने त्यांच्यासाठी घरे बांधावीत किंवा त्यासाठी शुल्क भरावे. १९९७ मध्ये ‘व्हिसलर हाउसिंग ऑथॉरिटी’ स्थापन झाली. तिच्या यादीतील घरे स्थानिक कामगार आणि इथूनच निवृत्त झालेले लोक यांनाच विकली किंवा भाड्याने दिली जातात. खरेदीदाराला तिथे स्वतः राहावे लागते, आणि पुनर्विक्रीची किंमत बाजारभावाने न ठरता महागाई निर्देशांकासारख्या मापाशी बांधलेली असते. त्यामुळे घर घेणाऱ्याला मोठा नफा होत नाही, पण ते घर पुढच्या कामगारालाही परवडते. किमान ७५ टक्के कामगार नगरपालिकेच्या हद्दीतच राहावेत, हे उद्दिष्ट नगरपालिकेने जाहीरपणे स्वीकारले आहे.

तरीही टंचाई मिटलेली नाही. प्रतीक्षायादी लांबलचक आहे, अनेकजण एका खोलीत दाटीवाटीने राहतात आणि कित्येकजण दक्षिणेच्या स्क्वामिशहून किंवा उत्तरेच्या पेम्बर्टनहून रोज ये-जा करतात. योजना अपुरी पडली असे म्हणणे योग्य ठरेल. ती चुकीची होती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्याविना गावात शाळा, अग्निशमन दल आणि शेजार टिकलाच नसता.

उन्हाळ्यात तिथे काय चालते?

१९९९ मध्ये लिफ्टने वर जाऊन सायकलवरून उतरण्याचे ‘बाइक पार्क’ सुरू झाले आणि २००४ पासून ‘क्रँकवर्क्स’ हा सायकल महोत्सव भरू लागला. आज उन्हाळ्यातील पाहुण्यांची संख्या हिवाळ्यापेक्षा अधिक असते. हॉटेलांना वर्षभर काम मिळाले, पण वसंत आणि शरद ऋतूंतील पूर्वीची निवांत विश्रांती कमी झाली.

आता मालकी कोणाकडे आहे?

२०१६ मध्ये अमेरिकेतील व्हेल रिसॉर्ट्सने सुमारे १.४ अब्ज कॅनेडियन डॉलरना व्हिसलर-ब्लॅककॉम्ब विकत घेतले. २५ टक्के हिस्सा जपानच्या निप्पॉन केबलकडे राहिला. तेव्हापासून अनेक पर्वतांवर चालणाऱ्या ‘एपिक पास’मध्ये व्हिसलरचा समावेश आहे. जुन्या लिफ्ट बदलल्या गेल्या, पण निर्णय आता परदेशातून होतात ही स्थानिकांची खंत आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी अशीच आहे.

हवामानबदलाचा परिणाम दिसतो का?

स्पष्ट दिसतो. ब्लॅककॉम्बवरील हॉर्स्टमन हिमनदीवर उन्हाळी स्कीइंगची शिबिरे भरत. हिमनदी आक्रसल्याने तिथली टी-बार काढावी लागली. खालच्या उतारांवर कृत्रिम बर्फावरचे अवलंबन वाढले आहे. गावाची उंची कमी असल्याने धोका पायथ्याला अधिक आहे, तर वरचा भाग अजून भक्कम आहे. दोन्ही पर्वत वरच्या भागात जोडलेले असण्याचे महत्त्व त्यामुळे वाढते.

मूळनिवासी राष्ट्रांचा यात काय सहभाग आहे?

पहिली तीन दशके जवळजवळ काहीच नव्हता, आणि हे या इतिहासातील मोठे न्यून आहे. ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या करारांतून स्क्वामिश आणि लिलवट राष्ट्रांना ३०० एकर जमिनीचा हक्क मिळाला. २००८ मध्ये गावात दोघांचे संयुक्त सांस्कृतिक केंद्र उघडले. २०१७ मध्ये पर्वतांच्या वापराविषयी प्रांत आणि कंपनी यांच्यात ६० वर्षांचे नवे करार झाले, तेव्हा ही दोन्ही राष्ट्रे वाटाघाटींत सहभागी होती. १९६० च्या दशकात पहिले परवाने दिले गेले, तेव्हा त्यांना कोणी विचारलेही नव्हते. नव्या करारांची मुदत २०७० च्या दशकात संपेल, आणि तोवर पर्वतावरील प्रत्येक मोठ्या बदलाची चर्चा त्यांच्यासह करावी लागेल.